पाठमोरे किल्लीकाका

“बाबा, त्या व्हिडिओतला माणूस तुम्हीच ना?”

लेकीने ‘कसे आहात’ एवढंही विचारलं नाही. किल्लीकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. जिन्याखालच्या त्यांच्या टीचभर दुकानात कोऱ्या किल्ल्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, आणि गिऱ्हाईक मात्र सकाळपासून औषधालाही नव्हतं.

“मीच. शर्ट तूच घेतलेला आहेस.”

“चेष्टा नको हो! हजारो लोकांनी बघितलाय. खाली लिहिलंय, भरदिवसा घरफोडी, तोंड लपवणाऱ्या चोराला ओळखा. माझ्या सासूबाईंच्या ग्रुपवरसुद्धा आला. तोंड कशाला लपवलंत?”

आता घ्या! ज्या सवयीमुळे चाळीस वर्षं लोक त्यांना बिनघोर घरी बोलवत होते, तीच नडली होती. काकांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी कान धरून शिकवलं होतं. कुलूप उघडलं की दाराकडे पाठ करायची. आत पसारा आहे की थाटमाट, ते बघणं आपलं काम नाही. घरच्या माणसाने ‘हं’ म्हटल्याशिवाय वळायचं नाही.

त्या दिवशी गणिताच्या बाई किल्ली हरवून बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. गुडघे दुखतात म्हणून खालच्या पायरीवर टेकल्या होत्या, त्यामुळे चित्रात आल्याच नाहीत. समोरच्या इमारतीतल्या कुणा रिकामटेकड्याला दिसलं ते एवढंच की एक माणूस दोन तारा घालून कुलूप उघडतो आणि दार उघडताच झटकन भिंतीकडे तोंड करतो. झालं! त्याने पराचा कावळा केला आणि दिला सोडून.

“वहीत बाईंची सही आहे,” काका म्हणाले.

“मग झालं तर! त्या पानाचा फोटो पाठवा. मी टाकते. तासाभरात सगळ्यांची तोंडं बंद.”

काकांनी वही उघडली. प्रत्येक कामाची नोंद त्यात असे. नाव, पत्ता, कुलपाची जात, सही. बाईंच्या सहीखाली काकांनीच लिहून ठेवलं होतं, ‘उद्यापासून महिनाभर बहिणीकडे. आल्यावर नवीन कुलूप.’ जुनं कुलूप नावापुरतंच होतं. कुणीही हिसडा दिला असता तर हातात आलं असतं.

“नाही जमायचं, बाळा.”

“का?”

“घर रिकामं आहे बाईंचं. हे पान जगाला दाखवायचं म्हणजे खऱ्या चोराला आवतण देण्यासारखं आहे.”

“मग नाव-पत्ता झाकू.”

“नाव झाकलेल्या सहीवर कोण विश्वास ठेवणार? बाई परत आल्या की त्यांनाच विचारू. तोवर थांब.”

लेक हळूच म्हणाली, “बाबा, मला तरी खरं सांगा. सही आहे ना नक्की?”

लोकांचं काय, लोक परके. पण जिला बोट धरून चालायला शिकवलं, तिनेही विचारावं?

“आहे,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग दिवस गेले ते नुसते बसून. समोरचा चहावाला रोज लांबूनच ‘काका, एक गरम!’ म्हणून ओरडायचा, तो आता त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करू लागला. बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतंच; आता दुकानातही नव्हतं. काका कोऱ्या किल्ल्या काढून पुसायचे आणि परत टांगायचे.

नवव्या दिवशी फोन वाजला. एका बाईचा रडवेला आवाज होता. “काका, वाऱ्याने दार लागलं हो, बाळ आत अडकलंय!”

काका पिशवी आणि वही घेऊन धावले. तीन मजले चढेपर्यंत धाप लागली. दारासमोर ही गर्दी.

“अरे, हाच तो! व्हिडिओतला!”

“याला कुणी बोलावलं?”

“मी,” बाळाची आई ओरडली. “काका, तुम्ही उघडा आधी!”

आत बाळ टाहो फोडत होतं. तार दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली, दार उघडलं. आई धावत आत गेली आणि काका सवयीने वळले.

“ओ, थांबा!” एक जण फोन रोखून थेट उंबऱ्यात येऊन उभा राहिला. “इकडे बघा. एकदा चेहरा दाखवा, विषय संपला.”

खरंच संपला असता. लेकीनेही बघितलं असतं की बाप तोंड लपवत नाही. काकांची मान अर्धी वळलीसुद्धा. तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला विस्कटलेलं अंथरूण दिसलं, जमिनीवरच बसून घाईघाईने बाळाला पदराखाली घेणारी आई दिसली. त्यांनी मान परत भिंतीकडे नेली.

“बघा, बघा! परत लपवतोय!”

“आत बाळाला पाजतायत,” काका भिंतीलाच म्हणाले. “तुम्हीही पाठ करा.”

कुणी वळलं नाही. आतलं रडणं थांबलं होतं. आई ‘हं’ म्हणायचं विसरली असावी. काखेत वही धरून, सगळ्यांचे फोन पाठीवर घेत, काका तसेच वाट बघत उभे राहिले.