धाकट्याची शिंक

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजरीची आठ दिवसांची तीन पोरकी पिल्लं मोठी होईपर्यंत शिंपीणमावशींकडे सोपवली. तिघांनाही सर्दीने गाठलं होतं. दोघं सावरली, पण धाकट्याचं नाक इतकं चोंदलं, की दुधाचा वासच न आल्याने ते बाटलीला तोंड लावेना.

"वहिनी, याची आशा सोडा," नणंद हळहळली.

"धुगधुगी आहे तोवर कसली सोडते!"

मावशींनी औषधाचे नि दुधाचे थेंब पाजले, न्हाणीघर वाफेने भरलं आणि पिल्लाला मांडीवर घेऊन कोमट, ओल्या कापसाने त्याचं नाक पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फटकन शिंकलं, बाटलीला लुचलं आणि बघता बघता तळ गाठला.

"अगं, धाव, बघ तरी!" मावशी आनंदाने ओरडल्या. नणंद हातातलं शिवण टाकून आली, तर पठ्ठ्या रिकाम्या बाटलीवरच चिडला होता.