नापास नळांची लाल पेटी

मी नळांच्या कारखान्यातली लाल पेटी. 'सदोष माल' असं माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. मला त्याची कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती मालकांना.

गुणवत्तेचं प्रमाणपत्र हवं तर अशी पेटी लागते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मला आणलं. प्रमाणपत्र भिंतीवर चढलं आणि मी दाराआड गेले. चार वर्षं मी रखवालदाराची छत्री, दोन जोड चपला आणि एका मांजरीचं बाळंतपण सांभाळलं. बाहेरून तपासनीस यायचे त्या दिवशी मात्र मला धुऊनपुसून पुढे मांडत. "बघा, रिकामी," मालक अभिमानाने सांगत. मी तोंड उघडं ठेवून गप्प बसे. पेटीला दुसरं येतं काय?

मग तपासणीला नव्या बाई आल्या. त्यांनी मांजरीची सोय दुसरीकडे लावली आणि प्रत्येक नळ पाण्याच्या दाबाखाली धरायला सुरुवात केली. गळला, की यंत्राच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून माझ्यात. दुपारपर्यंत माझं पोट तुडुंब! मला ढेकर द्यावासा वाटला, मालकांना घाम फुटला.

गोदाम मालकांच्या मेव्हण्याकडे होतं. तो संध्याकाळी चिठ्ठ्या काढून माझ्यातले निम्मे नळ हळूच चांगल्या मालात सरकवायचा. थेंबभर गळतं, कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी मालावर सही द्यायचं नाकारलं. मालकांनी त्यांना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाई पुढच्या नळाला चिठ्ठी बांधू लागल्या.

त्याच आठवड्यात मालकांच्या सासूबाई आल्या. कचेरीत न जाता तरातरा माझ्यापाशी. पिशवीतून आमचाच नळ काढला आणि माझ्यात धाडकन टाकला.

"जावईबापू, आठ दिवस बादली लावून बसलेय. शेजारणीला सांगताही येईना, नळ कुणाचा ते."

तो नळ त्यांच्या लेकानेच, म्हणजे मेव्हण्यानेच, गोदामातून नेऊन बसवला होता. मेव्हणा छताकडे बघू लागला.

मालकांनी मला जमिनीवर उपडं केलं आणि स्वतः उकिडवं बसून चिठ्ठ्या वाचल्या. त्रेचाळीस नळांपैकी अडतीस तिसऱ्या यंत्रावरचे! आटे पाडायचं पातं झिजलं होतं. ते बदलायला अर्धा दिवस लागला.

"एक तारखेला या," मालक बाईंकडे न बघता म्हणाले. "आणि दोनलाही."

सहा महिन्यांत परत येणारा माल जवळजवळ थांबला. गळक्या नळांमुळे तोंड फिरवलेला एक बांधकामवाला दुप्पट मागणी घेऊन आला. मेव्हणा आता चिठ्ठ्या बांधतो, अक्षरही सुधारलंय.

माझ्या तळाला चीर गेलीय, भंगारवाला डोळा ठेवून आहे. जाण्याआधी एवढंच सांगते: घरचा नळ गळत असेल तर चिंधी बांधून गप्प बसू नका. सरळ कारखान्यात आणून आपटा. संकोच नको, मालकांना सवय झालीय.