कोकरू फिरवणाऱ्या मोटरीचा सूड

मी एक जुनी मोटर आहे. अख्खं कोकरू सळईला लावून निखाऱ्यांवर फिरवत ठेवायचं, हे माझं काम. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगताना बहुतेक जण गोड बोलतात. मी बोलणार नाही. मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला.

टोरांटोतल्या एका दुकानात अरिस्तेआबाई जावयाला घेऊन आल्या. ईस्टर तोंडावर आला होता, आणि त्यांच्या ग्रीक घरात त्या दिवशी अख्खं कोकरू भाजायची रीत. जावई लेफ्तेरिसनं एक चकचकीत, हलकी मोटर उचलली.

"आई, हीच घेऊ. खोक्यावर वीस किलो लिहिलंय. आपलं कोकरू अठराचं."

"खोक्यावर काय, हत्तीसुद्धा लिहितील! कोकरू म्हणजे काय लाटणं आहे, सगळीकडून सारखं? जड बाजू वर चढवताना हिची जीभ बाहेर येईल."

मग बाईंनी मला सुरू करायला लावलं आणि माझ्यातली सळई दोन्ही मुठींत घट्ट धरली. सळई थांबली नाही, बाईंचीच मनगटं वळली. "ही बांधा," त्या म्हणाल्या. मला कोण आनंद झाला!

सात ईस्टर मी राबले. बाई कोकराचा कणा तारेनं सळईला आवळायच्या, आधी हातानं फिरवून बघायच्या. एक बाजू धपकन खाली आली की पुन्हा सोडून बांधायच्या. माझ्या दातेरी चाकांना वेळच्या वेळी वंगण घालायच्या. शेजारीपाजारी म्हणायचे, "मोटर असावी तर अशी!"

आठव्या वर्षी बाईंचा खांदा धरला आणि काम जावयाकडे गेलं. या शहाण्यानं कणा बांधलाच नाही. सळई फिरायची, कोकरू तिथंच लोंबकळायचं. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. सगळ्या नातेवाइकांसमोर त्यानं मला लाथ घातली.

"आई, तुमची पैलवान म्हातारी झाली!"

आणि बाई? त्यांनी वाकून कण्याला तार आहे का, हे पाहिलंसुद्धा नाही. "मेलीनं ऐन वेळी दगा दिला," म्हणाल्या. अहो, दगा मी दिला? जावयाच्या लाथेपेक्षा ते मला जास्त लागलं. मी डूख धरला, दोघांवरही.

तीन हिवाळे मी गॅरेजात बर्फाच्या फावड्यांखाली पडून होते. वंगण वाळलं, चाकं गंजली. माझ्या जागी दुकानातली ती चकचकीत सटवी आली. लहान कोकरू आणून तिचं निभावून नेत होते. मी वाट बघत होते.

मग नात दाफ्नीचं लग्न ठरलं. व्याही किरियाकोस यांचं खाटकाचं दुकान, म्हणजे मांसातला दर्दी माणूस, आणि ते सहकुटुंब ईस्टरला जेवायला येणार होते. त्यांच्यापुढे फजिती होऊन चालणार नव्हतं. कोकरू आणलं सव्वीस किलोचं. "ओढेल हो, आई!" म्हणत लेफ्तेरिसनं त्या सटवीलाच जुंपलं. अर्ध्या तासात तिच्यातून धूर निघाला. नेमके तेव्हाच व्याही दारात उतरले.

मला धावतपळत बाहेर काढलं. या वेळी बाईंनी स्वतः कणा आवळला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "चल गं माझी बाय, आज लाज राख."

जोर लावला असता तर फिरले असते. नाही फिरले. एकदा गुरगुरले आणि गप्प बसले. बाईंचा चेहरा उतरला, लेफ्तेरिसला तोंड लपवायला जागा उरली नाही. माझं काळीज कसं थंड झालं!

तेवढ्यात किरियाकोसनी बाह्या सरसावल्या. "आजीबाई, आमच्या गावी मोटर होती कुठं? सरका हो लेफ्तेरिस, तुमच्यानं नाही व्हायचं."

"कोण म्हणतं नाही व्हायचं?" म्हणत लेफ्तेरिसनं दुसरं टोक पकडलं.

पाच तास सगळ्यांनी पाळीपाळीनं सळई फिरवली. दाफ्नीनं, तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं, दुखऱ्या खांद्याच्या बाईंनीसुद्धा. थट्टा, गाणी, एकमेकांच्या फिरक्या. कोकरू असं खरपूस झालं की व्याही हाडं चोखत बसले. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आता दर वर्षी हातानंच," त्या म्हणाल्या. "आणि ती मोटर द्या भंगारात."

मित्रांनो, यंत्राला झेपेल तेवढंच ओझं द्या, त्याला वंगण घाला, आणि चूक तुमची असेल तर लाथ त्याला मारू नका. एवढं सांगायचा मला हक्क आहे. सूड तर पुरा झाला. पण खरं सांगू? ते पाच तास मी तिथंच गवतात पडून सगळं बघत होते, आणि मला फिरायचं होतं.