शोकसभेची चिठ्ठी

दुर्गेशभाऊ दोनदा नगरसेवक झाले, त्यातली निम्मी मतं त्यांना घाटावर मिळाली, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमच्या नागपुरात अग्नी दिला की लोक लगेच पांगत नाहीत. तिथंच शोकसभा होते, चार जण बोलतात. भाऊ बोलले की बायाबापड्या काय, पुरुषही डोळे पुसायचे. काय बोलायचं ते मी चिठ्ठीवर लिहून द्यायचो. प्रभागात कोणी गेलं की आधी मी तिथं पोचायचो, शेजाऱ्यांना विचारून त्या माणसाची एखादी खरी गोष्ट काढायचो. कोणाला पतंगांचा नाद, कोणाचं रोज रेडिओशी भांडण. या कामाची मला घमेंड होती.

यंदा चार वर्षं रखडलेली निवडणूक एकदाची लागली, भाऊ तिसऱ्यांदा उभे राहिले आणि ऐन प्रचारात माझे बाबा गेले. महाल भागात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेले तेव्हा मी सीताबर्डीत भाऊंची पत्रकं आणायला गेलो होतो.

बाबांना जन्मभर कोणी विचारलं नाही. निदान घाटावर भाऊंनी त्यांच्याबद्दल चार शब्द बोलावेत, एवढंच मला हवं होतं. भाऊ आले. शेजारी टेकले, माझ्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसरा हळूच पुढे केला.

"चिठ्ठी दे ना गा, सुशील."

"भाऊ, माझेच बाबा आहेत."

"म्हणून तं. तुह्याइतकं कोणाले माहीत राहीन? लवकर लिही, मले तिकडं सदरले प्रचाराची सभा आहे."

असा संताप आला की उठून चालतं व्हावं. तरी मी पेन घेतला. नाव लिहिलं, रुपराव. वय लिहिलं, तेही अंदाजानं. पुढे हात अडला. पंधरा वर्षं मी बाबा उठायच्या आत भाऊंकडे जायचो आणि ते झोपल्यावर परतायचो. त्यांना काय आवडायचं, ते कशानं हसायचे, मला काही आठवेना. दुसऱ्यांच्या घरी मी शेजाऱ्यांना विचारायचो. आज विचारायची लाज वाटली. शेवटी लिहिलं, 'मनमिळाऊ, कष्टाळू, देवभोळे.'

भाऊ सुरेख बोलले. बाबांच्या बाजूचे दुकानदार कृष्णकांतकाका माझ्याजवळच उभे होते. डोळे पुसता पुसता ते थांबले.

"देवभोळा? रुपराव तं कधी देवळाची पायरी चढला नाही. हे कोणाबद्दल बोलून राहिले गा?"

"भाऊले कोणी चुकीचं सांगितलं असन, काका," मी म्हणालो.