ताईच्या पानांचा खल

मी एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा, जाड बुडाचा, एका बाजूने काठ उडालेला. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो, मित्रांनो. पण खरं सांगायचं तर माणसांशी माझं सख्य नाही. का नाही, ते ऐका.

पाथरवटाने टाकीचे घाव घालून माझं पोट कोरलं. त्याच्यावर माझा राग नाही. घाव घालताना निदान 'तुझ्या भल्यासाठीच करतोय' असं तो म्हणाला नाही.

पुढे झाडपाल्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेने मला नेलं. तिथला नियम असा, की एका खलात एकाच झाडाचा पाला कुटायचा, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्यात मिसळत नाही. माझ्या बुडाला हिरवा ठिपका लागला आणि माझ्या वाट्याला एका काटेरी झुडपाची पानं आली. इतकी कडू, की कुटणाऱ्याच्या घशात धूळ गेली तर तो मोरीपर्यंत धावायचा. मी कुठे धावणार? वर्षानुवर्षं ते कडू पोटात घेऊन बसलो.

या पानांवर काम करणारी बाई म्हणजे ताई. घरात तिची आईसुद्धा तिला ताईच म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. माझ्यातला चुरा ती स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची. शेवटी बशीच्या तळाशी चिकट तपकिरी खरड उरायची. ती खरड आजारी उंदरांना पाजली की त्यांची वाढलेली साखर उतरायची. उंदरांचे पिंजरे माझ्या समोरच्याच फळीवर होते. त्यांच्याकडे बघण्यावाचून मला दुसरी करमणूक नव्हती.

एके दिवशी छायाचित्रकार आला. ताई माझ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि वर्तमानपत्रात छापून आलं, की गरोदर बायकांच्या मधुमेहावर पानांचं औषध सापडलं. त्या विषयाला तेव्हा फार मागणी होती. कौतुक ताईचं झालं. मला 'जुन्या पद्धतीचे उपकरण' म्हटलं होतं. लगेच विजेवरचं कुटण्याचं यंत्र आलं आणि मला कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवलं. काठ उडाला तो तिथेच, कुणाची तरी लाथ बसून. ताईने मला पिशवीत घालून घरी नेलं. आठवण म्हणून, म्हणे. त्या झुडपाचं एक रोप तिने आधीच अंगणात लावलेलं होतं.

घरात ताई, तिची आई, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. या सूनबाईला दिवस गेले होते, आणि त्यातच साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी खाणं आखून दिलं आणि इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू केलं. सुई पाहिली की सासूबाईंच्या कपाळाला आठी पडायची.

"रोज पोटाला टोचून घेतेस. आत माझं नातवंड आहे, याचा तरी विचार कर," त्या म्हणायच्या.

"आई, बाळापर्यंत नाही पोचत ती सुई. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

"डॉक्टरीणबाई परक्या. इथं घरात शोध लागलाय, त्याचं काही आहे का तुला?"

वर्तमानपत्राचं कात्रण त्यांनी फ्रिजवर चिकटवलं होतंच. आता त्यांनी अंगणातली पानं तोडली आणि मला ओट्यावर घेतलं. स्पिरिट नाही, गाळणं नाही, माप नाही. मूठभर पानं, वर बत्त्याचे दणके, मग पातेल्यात उकळायचं. पी हळद आणि हो गोरी.

ताईला माहीत नव्हतं असं समजू नका. ती चहा घ्यायला आत आली, तिने माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आणखी बारीक कर गं, आई. जाडंभरडं राहिलं तर अर्क उतरत नाही." एवढं बोलून ती कप घेऊन निघून गेली. तिचा चेहरा खुलला होता. आपल्या घरात आपलं औषध घेतात, हे तिला आवडलं होतं. मित्रांनो, त्या क्षणापासून मला ती बाई आवडेनाशी झाली.

सूनबाई रोज सकाळी नाक दाबून पेला रिकामा करायची. सासूशी आणि नणंदेशी भांडण नको, म्हणून इंजेक्शनही घ्यायची आणि काढाही प्यायची. दोन्हीकडून साखर खाली ओढली जात होती. एका सकाळी ती ओट्याजवळ उभी असताना तिचे हात थरथरू लागले. घामाने ती डबडबली. ओट्याला धरून ती खाली बसली आणि तिला धड बोलताही येईना. नवऱ्याने साखरेचं पाणी पाजलं आणि तिला दवाखान्यात नेलं, सासूबाईही बरोबर गेल्या. मी ओट्यावर होतो, पोटात उद्यासाठीची पानं.

संध्याकाळी सगळी परतली. बाळाचे ठोके ठीक होते. पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "आणखी काय घेता?" आणि सासूबाईंनी "काही नाही" असं ठोकून दिलं होतं. खरं काय ते सूनबाईनेच सांगितलं. त्यामुळे घरात पाऊल टाकल्याटाकल्या सासूबाई कडाडल्या.

"चारचौघांत सासूला खोटं पाडलंस. घरच्या औषधाला नावं ठेवलीस. ताई, सांग हिला. उंदरांना गुण आला की नाही?"

"आला ना," ताई म्हणाली. "चांगला आला."

सूनबाई खुर्चीवर बसली. दोन्ही हात पोटावर. आवाज चढवला नाही तिने.

"ताई, त्या उंदरिणींना पिल्लं नीट झाली ना?"

ताईने फ्रिजवरच्या कात्रणाकडे पाहिलं.

"सुखरूप झाली ना? की काही वाईट झालं?"

"उंदरिणी नव्हत्या त्यात," ताई म्हणाली. "सगळे नर होते."

"म्हणजे?"

"मादीची साखर पाळीबरोबर वरखाली होते. आकडे हलतात. म्हणून नरच घेतात. सगळीकडे तसंच करतात."

आता तुम्हाला कळलं, समोरच्या फळीवर मी वर्षानुवर्षं काय बघत होतो. औषध पोटुशी बाईचं, आणि पाजलं होतं कुणाला, तर नरांना. सासूबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, जणू तिला प्रथमच पाहत होत्या. "मग तू मला बारीक कुटायला का सांगितलंस?" त्यांनी विचारलं. ताईने फ्रिजवरचं कात्रण काढून त्याची घडी घातली.

सूनबाई उठली. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, अंगणात नेलं आणि त्या झुडपाच्याच बुडाशी पालथं केलं. पुढे तिला मुलगी झाली, धडधाकट. ती आता चालायला शिकली आहे आणि माझ्या पाठीवर बसून माती खाते.

ताईने प्रयोगशाळेत माद्यांचे पिंजरे मागवले आहेत, असं अंगणातल्या बोलण्यावरून कळतं. ती पानं गुणाची असतीलही. मी कधी नाही म्हटलं? पण ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असं म्हणायची पद्धत आहे. माझी घेऊ नका. मी दगड आहे, पालथा पडून राहीन. तुमच्या घरात पोटुशी बाईसमोर कुणी पेला धरला, आणि धरणारं माणूस कितीही शिकलेलं, कितीही मायेचं असलं, तरी तिने तो तोंडाला लावण्याआधी एवढंच विचारा: हे आधी कुणाला पाजलं होतं?