बुटांचा धर्मबाप

पैज लागली ती सातुर्निनाबाईच्या कढईपाशी. कढई तिची, आगाऊ जीभ निकानोरची.

ओरुरो शहराच्या बाजारात दोघांच्या गाड्या शेजारीशेजारी. तो आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरमागरम पेय विकायचा, ती त्याच्यासोबत खायच्या चीज भरलेल्या फुगीर पुऱ्या तळायची. तिची भाची झुलेमा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि यंदा छावणीतही नाव घातलं होतं. पाच दिवस शाळा, शनिवारी शिपाईगिरी. शाळेची परीक्षा पास झाली तरच लष्करी सेवेचं कार्ड मिळणार.

"दोन दगडांवर पाय!" निकानोर म्हणाला. "आपटणार बघ पोरगी. शनिवारी कवायत, सोमवारी वर्गात घोरणं."

"तू शाळेत कधी जागा होतास रे मेल्या?"

"म्हणून तर अनुभवाचे बोल!"

"मग लाव पैज."

"लावली! दोन्हीकडे तरली तर तुझा घेरदार घागरा नेसून, तुझी गोल टोपी घालून भर बाजारात नाचतो. बुडाली तर महिनाभर माझं पातेलं तू घासायचं."

अख्खा बाजार साक्षीला.

त्यानंतर निकानोरला ऊतच आला. झुलेमा गणवेशात दिसली की हा पळी खांद्यावर टाकून ओरडायचा, "सावधान! सेनापती आले, पुऱ्या लपवा!"

एका रविवारी झुलेमा टोपली घेऊन आली. वर केळी, खाली ताजे पाव. मावशीनं लाच धाडली, असं समजून गड्यानं पाव मोडून तोंडात कोंबला.

"काका," पोरगी म्हणाली, "माझ्या बुटांचे धर्मबाप व्हा."

पाव घशातच अडकला. इथे लग्नाच्या केकपासून फुटबॉलच्या सदऱ्यापर्यंत सगळ्याला खर्च उचलणारा धर्मबाप लागतो, आणि पाव घेऊन आलेला माणूस काहीतरी मागायलाच आलेला असतो. आधी ऐकायचं, मग खायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाव खाल्ला की कबूल झालात! निम्म्या गल्लीला यानंच असं गंडवलं होतं. कढईमागे सातुर्निना डोळे पुसत हसत होती.

बूट घेऊन दिले. झकास होते.

मग एका सोमवारी ती आपीच्या रांगेत उभ्याउभ्या झोपलेली दिसली. हनुवटीखाली रसायनशास्त्राचं पुस्तक. त्यात ती आधीच्या चाचणीत नापास झाली होती.

"सोड की ती छावणी," निकानोर हळूच म्हणाला. टिंगल न करता, कधी नव्हे ते.

"नाही सोडणार. वर्गात उभं केलं की माझा घसा बसतो, काका. तिथे मी एक हुकूम देते, तर सगळी तुकडी वळते."

"आणि हे रसायन?"

"डोक्यात राहतच नाही."

"मग पायात ठेव!"

दुसऱ्या दिवशी शाळेआधी गाडीभोवती कवायत सुरू झाली. निकानोर पातेल्यावर पळीनं ठेका धरायचा. डावा, सोडियम! उजवा, क्लोरीन! मागे फिर, मीठ! गिऱ्हाइकंही पेला हातात धरून पाय आपटायला लागली. निकानोर चुकला की झुलेमा त्याला उठाबशा काढायला लावायची, आणि रांग मोठ्यानं मोजायची.

"हरायला निघालायस, कळतंय ना?" सातुर्निना म्हणाली.

"गप तळ. धर्मलेक नापास झाली तर लोक म्हणतील, याचे बूटच पनवती."

परीक्षेत बाकाखाली बूट इतके वाजले, की मास्तरांनी दोनदा डोळे वटारले. पण झुलेमा पास झाली! छावणीच्या समारंभात कार्डही मिळालं, आणि ती तशीच गणवेशात बाजारात आली.

बाजार वाटच बघत होता. मासळीवाल्यांनी कार्निव्हलचे ढोल काढले होते. निकानोर गाडीमागून निघाला. सातुर्निनाचा हिरवा घागरा, डोक्यावर डुगडुगणारी गोल टोपी, खाली केसाळ पाय.

"आतून पँट नाही ना घातलीस, लबाडा?" सातुर्निनानं घेर उचलून खात्री केली. "दुमडलीय! काढ!"

काढावी लागली.

झुलेमा पुढे झाली. वर्गात घसा बसणारी ती पोरगी छाती पुढे काढून अशी गरजली, की कोंबडीवालीच्या टोपलीतल्या कोंबड्या गप्प.

"धर्मबाप, सावधान! नाच सुरू!"

ढोल वाजले. निकानोर डावा, उजवा करत बाजारभर नाचला. फळवाल्या शिट्ट्या मारत होत्या, आणि तो त्यांना डोळे मारत होता.

"मागे फिर!" झुलेमानं हुकूम दिला.

त्यानं गिरकी घेतली, घागरा छत्रीसारखा फुगला, आणि अख्खा बाजार एका सुरात ओरडला,

"मीठ!"