आधी मेंढरं, मग बघू

मी मेंढरांना लस टोचायची पिचकारी बोलतोय. पिस्तुलासारखा घोडा दाबला की दवा आत. नेस्तानं मला टोच्या म्हणायला सुरवात केली, तवापासनं मी टोच्याच. गोड बोलायला मला जमत न्हाई. तोंडात सुई घेऊन जन्मलेल्यानं गोड बोलायचं तरी कसं?

नेस्ता म्हंजे इद्वालची बायको. वेल्सच्या डोंगरात त्यांची मेंढरं. इद्वालचा हात असा, की मेंढीला कळायच्या आत टोचून मोकळा. एखादी निसटली तर हा गडी चिखलात लोळंल पण तिला धरून आणंल. "एक राहिली तर सगळ्या कळपाला गोत्यात आणंल!" असा ओरडायचा. मला वाटायचं, ह्या माणसाच्या डोक्यात उजेड हाय.

एक नियम त्याचा पक्का. आजारी मेंढीला टोचायचं न्हाई, आधी बरी होऊ दे. मेंढराला ते ठीक हाय हो. पण हा बाबा तोच नियम सोताला लावायला लागला! म्हातारपणी त्याला गवताच्या धुळीचा खोकला जडलेला, बारमाही.

दरसाल पानगळीत दवाखान्यातली नर्स डेलिथ फोन करायची. मी सैपाकघराच्या खिळ्याला, मला सगळं ऐकू यायचं.

"इद्वाल, फ्लूची लस घ्यायला कधी येतोस?"

"खोकला हाय गं. तो जाऊ दे, मग येतो."

"तेवढ्या खोकल्यानं काय बिघडत न्हाई. तू काय मेंढरू हायस?"

"मेंढरं बरी. ती फोन करत न्हाईत."

सोताच्याच बोलण्यावर खदखदून हसायचा, आन् हसता हसता खोकायचा. नेस्ता हसायची न्हाई. तिची छाती पोरवयापासनं कच्ची.

"डोंगरावर आपण दोघं," तो तिला म्हणायचा, "आपल्याला रोग द्यायला कोण येतंय?"

"आन् देवळातल्या गाण्याला जातोस ते?"

तिथंच त्याची गोची व्हती. नाताळाच्या दिसांत तिथली माणसं देवळात, म्हंजे चर्चात, वाद्याबिगर गातात, ज्याच्या त्याच्या घराण्याचं गाणं. इद्वालच्या बापाचं गाणं आता एकटा इद्वालच म्हणायचा. लस घेतली, अंगात कणकण आली, आवाज बसला तर? मनात ही भीती, तोंडानं खोकल्याचं नाव.

नेस्तानं शेवटी हट्ट धरला. "तू घेतलीस तर मी घेते. शेजारीण न्यायला तयार हाय, पण मी एकटी न्हाई जायची."

तिला वाटलं, आपल्यापायी तरी हा हलंल.

"गाणं होऊ दे," तो म्हणला. "मग दोघं जाऊ."

मला राग असा आला, की हात असता तर तिथंच टोचला असता गाढवाला!

गाणं झालं. म्हणे लई झकास झालं. नंतर सगळे मांडीला मांडी लावून जेवले, च्या प्याले, खोकले. तिसऱ्या दिशी इद्वाल तापला. तो रडतखडत उठला. मग नेस्ता पडली. दवाखान्याची गाडी येऊन तिला खाली इस्पितळात घेऊन गेली. ती परत आली न्हाई.

डेलिथ रश्शाचं भांडं घेऊन आली.

"लस घेतली असती तर वाचली असती का गं?" इद्वालनं इचारलं.

"ते मी छातीठोक सांगू शकत न्हाई. पण तिला झुंजायला बळ मिळालं असतं."

"मग ओरड की माझ्यावर."

तिनं रस्सा गरम करून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं चमचाबी उचलला न्हाई.

पुढच्या पानगळीत फोन वाजायच्या आधीच तो निघाला. खोकत निघाला. परत आला, कोट न काढताच सैपाकघरात उभा राहिला, बाही वर केली.

"काय दुखलं न्हाई गं नेस्ता," म्हणला. "एवढंसंच व्हतं."

मग खाली बसला, आन् लई वेळ बाही तशीच वर ठेवून बसला.

आता कळप पुतण्याकडं गेला. माझं रबर वाळलं, घोडा अडकतो. मला फेकून द्या, माझी तक्रार न्हाई. पण तुमच्या घरातला म्हातारा "खोकला जाऊ दे, सण होऊ दे" म्हणत आसंल, तर वाद घालत बसू नका. गाडी काढा. आन् त्याच्यापायी जी थांबलीय, तिला आधी बसवा.